उठल्याचा आवाज

१

लहानपणी ऐकलेला एक आवाज खुर्चीवाल्याच्या कानातून कधी गेला नाही. आवाज तसा साधाच होता. वरच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं, एवढंच.

त्याचा बाप वेताच्या खुर्च्या विणायचा. खाली दुकान, मागे वेत भिजत घालायचा हौद, आणि जिना चढून गेलं की एक उजेडाची खोली. तिला घरात ‘बसायची खोली’ म्हणत. बापाची कामाची एक रीत होती. खुर्ची विणून झाली की ती वर न्यायची, कुणालातरी तिच्यावर बसवायचं आणि आपण खाली उभं राहून ऐकायचं. बसताना वेत एकदाच, लांब करकरतो. उठताना तो आधी एकदम सुटतो आणि मग ताणलेली एकेक पट्टी जागेवर येताना टिकटिकत राहते, तापलेलं भांडं निवताना वाजतं तशी.

“बसल्याचा आवाज गिऱ्हाइकाचा,” बाप म्हणायचा, “उठल्याचा आवाज आपला. तो ऐकल्याशिवाय खुर्ची हातावेगळी करायची नाही.”

त्या दुपारी बाप खालीच होता. धाकटा भाऊ पोत्यावर झोपला होता. आई बाहेर गेली होती. वर कुणीही नव्हतं, आणि वर खुर्ची करकरली. लांब.

बापाच्या हातातली पट्टी तशीच राहिली. दोघंही छताकडे बघत उठल्याच्या आवाजाची वाट पाहत राहिले. उन्हं कलली. शेवटी बाप वर गेला, लगेच खाली आला, आणि येताना खोलीला कुलूप घालून आला. पुढे खुर्च्या मागच्या अंगणात तपासल्या जाऊ लागल्या. का, ते बापाने सांगितलं नाही. पोराने विचारलंही नाही. तो मुळातच हळू बोलणारा. त्याचा प्रश्न तोंडातून निघेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

वरून उठल्याचा आवाज काही आला नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.

२

आता तो स्वतःच म्हातारा झाला होता. दुकान तेच, हौद तोच. गिऱ्हाईक मात्र आटलं होतं. जागा दोघा भावांच्या नावावर, आणि धाकट्याला ती विकायची होती.

धाकटा म्हणजे तोंडाचा पट्टा. घरात पाऊल टाकायच्या आधी त्याचा आवाज आत यायचा आणि तो गेल्यावरही बराच वेळ रस्त्यावरून ऐकू येत राहायचा. भांडणात शेवटचा शब्द त्याचाच. आईच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा डॉक्टर, नर्स, शेजारी सगळे गप्प होते, आणि हा बोलत होता.

“दादा, लोक प्लॅस्टिकवर बसतात आता. मोडली की फेकून देतात. तुझ्याकडे कोण येणार? माश्या?”

“काका, माशीसुद्धा चांगली खुर्ची बघूनच बसते,” खुर्चीवाल्याची लेक म्हणाली.

तिला घरात चिमणी म्हणत. वय वाढलं, नवऱ्याचं घर सोडून परत आली, केसांत एखादी पांढरी बट आली, तरी चिमणीच. बापाबरोबर बसून ती विणायला शिकली होती आणि आता दुसरीकडे कुठे जायला तिला जागा नव्हती. ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नव्हतं. धाकटा सोडून.

“तुझ्यासाठीच सांगतोय. आपल्या वाट्याचं घे आणि कुठंतरी सुखानं राहा. इथं वेताबरोबर तूही भिजत पडशील.”

“मला वर्षअखेरपर्यंत वेळ द्या,” चिमणी म्हणाली. “दुकानाची वेबसाइट करते. लोक बघतात की नाही, ते आकड्यांत दाखवते. नाही दाखवलं तर बाबा सही करतील.”

खुर्चीवाल्याने तोंड उघडलं होतं. पण धाकटा म्हणाला, “ठरलं!” आणि ते ठरलं. मग तो बोलत बोलत दाराबाहेर पडला आणि कोपऱ्यापर्यंत बोलतच गेला.

३

खुर्चीवाला एका गिऱ्हाइकाकडे खुर्ची पोचवायला गेला होता, तेव्हा चिमणीने फोटो काढले. दुकानाचे, हौदाचे, ताणलेल्या पट्ट्यांवर टेकलेल्या बापाच्या हातांचे आधीच काढून ठेवले होते. आणि वरच्या खोलीचे. किल्ली कुठे असते हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. उजेड म्हणून ती वर गेली. खिडकीपाशी आजोबांच्या हातची एक खुर्ची होती, धुळीने राखाडी झालेली. धूळ झटकून तिने तिचा फोटो काढला आणि ‘आमची बसायची खोली’ असं एक वेगळं पानच केलं.

“चिमणे,” खुर्चीवाला आल्यावर म्हणाला, “वरचा फोटो तेवढा...”

“सगळ्यांत छान आलाय ना? मला माहीत होतं!” आणि साइट सुरू झाली.

आकडे मोजणाऱ्या पानावर काय काय दिसतं ते तिने बापाला समजावलं. किती जण आले. कुठल्या पानावर गेले. किती वेळ थांबले, आणि कुठून बाहेर पडले. खुर्चीवाला मान डोलावत होता. हे त्याला नवं नव्हतं. खाली उभं राहून वर कोण बसलं, कोण उठलं ते ऐकायचं. बापाने तेच शिकवलं होतं.

“आणि हे बघा, आत्ता या क्षणी साइटवर किती जण आहेत तेही कळतं.”

तिथे आकडा होता. एक.

“आलं की गिऱ्हाईक!” चिमणीने टाळी वाजवली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. “हे मात्र चुकलंय. पहिल्यांदा येतो त्याला हे ‘नवा’ म्हणतं आणि परत येतो त्याला ‘जुना’. हा जुना दाखवतंय. साइट तर आत्ता सुरू झाली. जुना कुठून आला?”

 तो ‘जुना’ कुठलं पान उघडून बसलाय, ते खुर्चीवाल्याने वाचलं होतं. चष्मा नसतानाही.

४

तो एक काही जाईना.

सकाळी दुकान उघडलं की चिमणी आधी संगणक लावायची. आत्ता साइटवर: एक. जेवायला उठताना एक. कुलूप लावताना एक. अधूनमधून दुसरं कुणी यायचं, चार पानं चाळायचं, निघून जायचं. काहींनी चौकशीही केली, एक बाई तर झोपाळ्याची बैठक विणायला देऊन गेली. चिमणीचा चेहरा उजळला होता. पण सगळे आले तसे गेले, आणि तो एक तिथेच.

“पान उघडं ठेवून कुणी विसरून गेलं असेल,” खुर्चीवाला म्हणाला. त्याला तसंच असायला हवं होतं.

“छे! नुसतं उघडं राहिलं तर थोड्या वेळाने मोजणी थांबते. हा हलतोय. पान वरून खाली सरकवतो, हळू. मग खालून वर. आणि मग थांबतो.”

“कुठं?”

तेही बघायची सोय होती. माणसाची नजर जिथे रेंगाळते, खरं म्हणजे त्याच्या माउसचा बाण जिथे रेंगाळतो, तिथे रंग चढतो. थोडा वेळ थांबला तर पिवळा, फार थांबला तर लाल. दुकानाच्या फोटोवर पिवळे शिंतोडे होते. बापाच्या हातांवरही होते. वरच्या खोलीच्या फोटोवर एकच डाग होता. खुर्चीच्या बैठकीवर, गोल, आणि इतका लाल की मधे काळपट झाला होता.

“खुर्ची आवडलेली दिसतेय,” चिमणी हसून म्हणाली. “एखादा जुन्या वस्तूंचा शौकीन असेल. फोन का करत नाही पण, मुखदुर्बळ मेला?”

पुढे तिने तो फोटो काढून टाकला आणि तिथे दुकानातल्या कपाटाचा लावला, गंमत म्हणून, बघू तरी काय करतो. दिवसभराने बघितलं तर डाग जागच्या जागी नव्हता. किंचित डावीकडे सरकला होता. कपाटाच्या फोटोत तिथे काहीच नव्हतं, कोरी भिंत होती.

खुर्चीवाल्याने मनाशी खोली आठवून पाहिली. खिडकीपाशी खुर्ची. तिच्या डावीकडे दार.

मनाला समजावणं त्याला जमायचं. यंत्र आहे, चुकतं. आपण अडाणी, आपल्याला काय कळतंय. पण त्या दिवसापासून तो कामाची चौकी जिन्याकडे पाठ करून मांडेना.

५

वर्षअखेर जवळ आली तशी चिमणीला एक गोष्ट सुचली, जी तिने खरं म्हणजे पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

“काका म्हणतील, तुम्हीच उघडून उघडून बघता आणि आकडे वाढवता. घरच्या इंटरनेटवरून जो कुणी साइट बघेल त्याला मोजू नकोस, असं सांगून ठेवते. म्हणजे घरची माणसं वगळली जातील. उरतील ते खरे.”

तिने ते केलं आणि पान पुन्हा उघडलं.

आत्ता साइटवर: शून्य.

 तिने घरच्यांना परत धरलं. एक. वगळलं. शून्य. धरलं. एक.

“बाबा,” ती म्हणाली, “हा घरातून बघतोय.”

मग शोधाशोध. तिचा फोन बंद केला. बापाचा फोन बटणांचा, त्यात साइट दिसतच नव्हती. संगणक एकच, तो समोर. शेजारी कुणी आपलं इंटरनेट चोरत असेल म्हणून तिने पासवर्ड बदलला. एक. शेवटी ती वैतागून उठली, भिंतीवरच्या इंटरनेटच्या डबीचं बटण बंद केलं आणि आपल्या फोनचं स्वतःचं नेट लावून आकडा बघत उभी राहिली.

“गेला,” ती म्हणाली. “शून्य.”

आणि वर, त्यांच्या डोक्यावर, लाकडी जमिनीवरून खुर्चीचा पाय घासत गेला.

उचलून ठेवल्याचा आवाज नव्हे. खुर्चीवाल्याला तो फरक पक्का ठाऊक होता. बसल्या माणसाने न उठता खुर्ची पुढे ओढली की असा आवाज येतो. एकदा आला. मग थांबला. मग पुन्हा आला, खिडकीकडून दाराकडे.

“लाव,” तो म्हणाला. आयुष्यात इतक्या चटकन तो कधी बोलला नसेल. “चालू कर ते!”

चिमणीने बटण दाबलं. वरचा आवाज थांबला. डबीवरच्या दिव्यांची उघडझाप झाली, आणि आकडा परत आला. एक. जुना.

फोटो काढल्यापासून वरच्या दाराला नुसती कडी होती. खुर्चीवाला कुलूप घेऊन जिना चढला. आत जायचं नाही, फक्त कुलूप घालायचं, असं ठरवून गेला होता. पण दाराच्या फटीतून उजेड येत होता आणि माणसाचा डोळा काही कुणाचं ऐकत नाही.

खुर्ची खिडकीपाशी नव्हती. खोलीच्या मधोमध होती, दाराकडे तोंड करून. तिच्यावर कुणी नव्हतं. पण वेताची बैठक खाली दबलेली होती, पट्ट्या ताणून खोलगट झालेली, मांडीखाली होते तशी. तो बघत असताना ती किंचित आणखी दबली, जसं कुणी पुढे वाकावं.

त्याने कुलूप घातलं. खाली आल्यावर चिमणीने विचारलं, “काय होतं?”

तो बापासारखाच काही बोलला नाही.

६

ठरल्या दिवशी धाकटा आला. दुपारची वेळ, रस्त्यावर रहदारी, समोरच्या शिंप्याच्या मशीनचा खडखडाट. त्याच्या हातात कागद होते, सही करून घ्यायचे.

“दाखव बाई तुझा बाजार! किती लोटलीत माणसं?”

चिमणीने दाखवलं. थोडी होती, पण वाढती होती. धाकट्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“आमच्या ऑफिसातल्या पोरीला विचारून आलोय मी. घरची माणसं वगळून दाखव.”

“वगळलेलीच आहेत, काका. हे खरे आहेत.”

“मग धरून दाखव.”

चिमणीचा हात अडखळला. तेवढं त्याला पुरलं. त्याने तिला बटण दाबायला लावलं. आकडे दुथडी भरून आले. दिवसच्या दिवस, एकच माणूस.

“अगं बाई! चोराच्या मनात चांदणं ते हे! एवढा वेळ कोण बसलंय बघत? घरात दुसरा संगणक लपवलाय ना? दिवसभर लावून ठेवायचा आणि मला आकडे फुगवून दाखवायचे. आज पकडली जाशील म्हणून वगळून दाखवतेस!”

“नाही हो काका! आम्हालाच ठाऊक नाही तो कोण...”

“कुठाय?” धाकटा दुकानभर फिरला. कपाट उघडलं, पोती लाथाडली. मग त्याची नजर जिन्यावर गेली. “वर आहे. कुलूप का घातलंय वरती? बाबांच्या वेळचं कुलूप तर गंजलेलं होतं, हे नवं कुणी आणलं?”

“काका, तिथं नका जाऊ.”

“का? भूत आहे?” तो खदाखदा हसला. “दादा, म्हातारपणी लेकीबरोबर लबाड्या करायला लागलास. तुला बोलता येत नाही म्हणून तू साधा, असं सगळे समजतात. मी नाही समजत. आज हिला या घराबाहेर काढतो की नाही बघ. रस्त्यावर बस म्हणावं खुर्च्या विणत.”

त्याने खिळ्यावरची किल्ली ओढून घेतली.

खुर्चीवाला उठून उभा राहिला. ‘बसू नकोस,’ एवढे दोन शब्द पुरे होते. पण त्याने लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, बोटांना वेताच्या चिरा पडल्या होत्या. आणि दोन शब्दांऐवजी त्याने मोठं वाक्य निवडलं.

“हे बघ,” तो सावकाश म्हणाला, “बाबांनी ती खोली बंद केली, त्या दिवशी तू झोपला होतास, तेव्हा तुला...”

धाकटा अर्धा जिना चढून गेला होता.

७

कुलूप उघडल्याचा आवाज आला. दार करकरलं.

“काही नाही इथं!” धाकट्याचा आवाज वरून आला. “संगणक कुठं लपवलात? नुसती एक खुर्ची, दाराजवळ आणून ठेवलेली. अडगळ!” पावलं इकडून तिकडे वाजली. “दादा, आठवतं? बाबा आपल्याला बसवायचे आणि खालून ऐकायचे. घे, ऐक! बसतोय बघ तुझ्या इस्टेटीवर!”

खुर्चीवाला छताकडे बघत होता. जन्मभर त्याने हा आवाज ऐकला होता. माणूस बसला की वेत एकदा, लांब करकरतो.

“बसलो रे!” धाकटा ओरडला.

वेत बोलला नाही.

कोरा वेत बोलतो, जुना वेत बोलतो, तुटायला आलेलासुद्धा बोलतो. बोलत नाही तो फक्त एकाच वेळी. आधीच कुणी बसलेलं असतं, बैठक पुरती ताणलेली असते, आणि त्या मांडीवर दुसरा येऊन बसतो तेव्हा.

“दादा, ही बैठक गरम क...” धाकटा म्हणाला.

वाक्य तिथेच राहिलं. खुर्चीवाला पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिला. धाकट्याचं वाक्य अर्धवट राहिलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं. समोरच्या शिंप्याचं मशीन खडखडत होतं. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

“काका?” चिमणीने हाक मारली. “अहो काका!”

आणि मग वर वेत सुटला.

एकदम, मोठ्याने. त्यामागून पट्ट्या टिकटिकू लागल्या. एक, मग दुसरी, मग कितीतरी वेळ एकेक, जशा फार फार दिवस दाबून धरलेल्या पट्ट्या जागेवर येतात. लहानपणापासून ज्याची वाट पाहिली तो आवाज खुर्चीवाल्याने शेवटपर्यंत ऐकला.

“शून्य झालं,” चिमणी पुटपुटली. तिचे डोळे पडद्यावर होते. “गेला तो, बाबा. गेला!” मग ती थांबली. “नाही. एक आहे. त्याच पानावर.” तिने ओठांवर हात ठेवला. “पण हा नवा आहे.”

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, प्रत्येक पायरी चाचपत, पुष्कळ वर्षं बसून पाय आखडलेल्या माणसासारखी.

धाकटा खाली आला. सदरा धाकट्याचा होता, चष्माही त्याचाच. शेवटच्या पायरीवर तो उभा राहिला आणि त्याने दुकान पाहिलं. वरून खाली, हळू. मग खालून वर. मग त्याची नजर खुर्चीवाल्यावर येऊन थांबली, आणि थांबूनच राहिली. खुर्चीवाल्याच्या छातीवर, बरोबर त्या जागी, चटका बसल्यासारखं झालं.

“काका, काही बोला ना,” चिमणी म्हणाली.

सहीचे कागद टेबलावर तसेच पडले होते. खुर्चीवाल्याने ते उचलले आणि त्याच्यापुढे धरले.  घे, काय हवं ते घे, सही करतो, पण बोल. भांड. शिव्या दे. एवढं सगळं त्याला म्हणायचं होतं. त्याच्या तोंडून निघालं ते फक्त “अरे...”

वर, बंद न केलेल्या दारामागे, लाकडी जमिनीवर खुर्चीचा पाय एकदा घासला. घाईघाईने. वैतागून. अगदी धाकट्यासारखा.

समोरच्या माणसाने कागदांकडे पाहिलं नाही. त्याने मान वळवली, दाराचा उंबरा पायाने आधी चाचपला, मग ओलांडला, आणि उन्हात उतरून काही न बोलता निघून गेला.